पाच घरचं पीठ

"आज शुक्रवार आहे. जोगवा चुकवू नको."

16 एप्रिल 2021 च्या सकाळी आत्यांचा हॉस्पिटलमधून फोन आला आणि त्या एवढंच बोलल्या. तेवढ्यातही दोनदा दम लागला. ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून बोलत होत्या म्हणून मागून सिस्टर ओरडल्या, आणि फोन बंद झाला. मी ओट्यापाशी तशीच उभी. घरात मी आणि मामा पॉझिटिव्ह, रस्त्यावर संचारबंदी, गल्लीतली माणसं आमच्या फाटकापासून चार हात लांबून जाणारी. आणि मी परडी घेऊन पाच दारांत उभी राहायचं!

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामाच म्हणतात. केडगाव म्हणजे नगरचं पुण्याकडचं टोक. कायनेटिक चौक मागे टाकला की आमचं गाव लागतं. बाहेरची माणसं नेहमी घोळ करतात. दौंडजवळचं केडगाव वेगळं, ते पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. आमचं केडगाव देवीचं, रेणुकामातेचं. नवरात्रात पहाटेच्या अंधारात सगळं नगर अनवाणी आमच्या बाजूला चालत येतं. त्या गर्दीत आत्या लग्न होऊन आल्यापासून आहेत. गळ्यात कवड्यांची माळ, आणि दर शुक्रवारी पाच घरचा जोगवा.

माझ्या माहेरी देव म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. नवरा तर देवळाबाहेर चपला सांभाळत उभा राहणाऱ्यांतला. मामा माळकरी, त्यांचा विठोबा वेगळा. थोडक्यात, देवीचं सगळं खातं एकट्या आत्यांकडे होतं, आणि नेमक्या त्याच आजारी पडल्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. 2020 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आम्हा शिक्षकांना घरोघर पाठवलं होतं, एका हातात तापमापक, दुसऱ्या हातात ऑक्सिमीटर. शेकडो लोकांची बोटं त्या चिमट्यात घातली असतील. पण घरातल्या माणसाकडे बघायला मात्र मला उशीर झाला. आत्या एकसष्ट वर्षांच्या. साठीपुढच्यांची लस 1 मार्चपासून सुरू झाली होती. "पुढच्या आठवड्यात जाऊ" म्हणत आम्ही सहा आठवडे काढले. ते मला आजही बोचतं.

13 एप्रिलला पाडवा होता. गुढीला साखरेची गाठी बांधायला आत्या पाटावर चढल्या आणि तिथेच खाली बसल्या. तीन दिवसांचा बारीक ताप त्यांनी कुणाला कळू दिला नव्हता. मी ऑक्सिमीटर लावला, 93. मग अंगणात सहा मिनिटं चालवलं. सर्वेक्षणाच्या वेळी ही चाचणी मीच लोकांना समजावून सांगत असे. परत लावलं तर 86. गुढी उभीच होती, ती उतरवायचं संध्याकाळी कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

बेड मिळवायचे दोन दिवस मी लांबवून सांगणार नाही. त्या एप्रिलमध्ये ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे, ज्यांनी केलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. एके ठिकाणी आधी अनामत, मग नाव. दुसरीकडे नाव लिहून घेतलं, पण ऑक्सिजन नव्हता. 14 तारखेला रात्री आठपासून संचारबंदी लागली, आणि त्याच सुमारास एका छोट्या खासगी दवाखान्यात जागा झाली. जागा कशी झाली असेल हे आम्ही विचारलं नाही. एचआरसीटीचा स्कोअर 25 पैकी 17. नवरा निगेटिव्ह होता. तो पुढचे सोळा दिवस दवाखान्यासमोर मित्राच्या टेम्पोत झोपला.

तर तो शुक्रवार. मी समोरच्या काकूंना फोन केला. म्हटलं, आत्यांचा जोगवा आहे, पण मला बाहेर पडता येत नाही. त्या म्हणाल्या, "तू फाटकाशी परडी ठेव आणि आत जा." अर्ध्या तासाने खिडकीतून पाहिलं. काकू आल्या, मूठभर ज्वारीचं पीठ टाकून गेल्या. मग कोपऱ्यावरची किराणावाल्याची सून. मग दोन घरं अशी, की ज्यांच्याशी आमचं पाण्याच्या नळावरून सहा महिने बोलणं नव्हतं. पाचव्या आल्या त्या मागच्या गल्लीतल्या सिस्टर. त्या ख्रिश्चन, निवृत्त परिचारिका, सॅल्व्हेशन आर्मीच्या बूथ हॉस्पिटलात बरीच वर्षं काढलेल्या. 2020 च्या पहिल्या लाटेत कोरोनाचं नाव काढलं तरी लोक दार लावून घ्यायचे, तेव्हा जिल्हाभराचे रुग्ण ज्या बूथने घेतले, तेच हे हॉस्पिटल. सिस्टरांनी पीठ टाकलं, फाटकाला हात लावून क्षणभर डोळे मिटले, आणि मला खिडकीत बघून मोठ्याने विचारलं, "पालथं झोपवतात का त्यांना?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"विचार. पाठीकडचं फुप्फुस मोठं असतं गं. उताणं पडलं की छातीचा, पोटाचा भार त्याच्यावर येतो, तिथल्या पिशव्या मिटून जातात. पालथं पडलं की उघडतात. डॉक्टर सांगतात, पण पेशंट ऐकत नाहीत. जीव घाबरा होतो."

तसंच झालं होतं. नवऱ्याने दवाखान्यातून विचारून घेतलं. डॉक्टर रोज सांगत होते, आणि आत्या पाच मिनिटांत उलटून उताण्या होत होत्या. हट्टी पेशंट म्हणून त्यांची नोंद झाली होती. संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागला. मास्कच्या आतून फक्त डोळे दिसत होते. मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "आत्या, देऊळ बंद आहे. 5 एप्रिलपासून सगळी देवळं बंद आहेत. यंदा चैत्रात तुमचा दंडवत राहिलाय. तिथेच घाला. गादीवर पालथ्या पडा आणि देवी डोळ्यांपुढे आणा. उठायची घाई करू नका."

त्यांनी मान हलवली.

त्या रात्री त्या दीड तास पालथ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन, दुपारी दोन, रात्री तीन तास. दवाखान्यातल्या सिस्टरांनी नवऱ्याला सांगितलं, आजी हात जोडून पालथ्या पडतात, हलतच नाहीत. ऑक्सिजन तसाच चालू ठेवून आकडा 88 वरून 93 वर आला. मी हे माझ्या वहीत लिहून ठेवलंय, वेळेसह. शिक्षकी सवय.

देवीच्या नावाने आपण बोललो, हे मला तेव्हा जाणवलंही नाही. जाणवलं ते नंतर.

त्या पिठाचं काय करायचं हे आत्यांना विचारायचं राहूनच गेलं. मी त्याच्या भाकरी केल्या. मला वास येत नव्हता, चव नव्हती. मामा एक घास तोंडात धरून बराच वेळ बसले आणि म्हणाले, "पाच घरचं आहे, टाकू नको." एरवी मामा जोगव्याला नावं ठेवायचे. माळकऱ्याच्या घरात परडी कशाला, हा त्यांचा चाळीस वर्षांचा वाद. त्या दिवसांत मात्र ते संध्याकाळी हरिपाठ संपला की न सांगता देवघरातल्या रेणुकेच्या टाकापुढची वात सारखी करायचे. विचारलं तर म्हणायचे, तेल वाया जात होतं.

आणि खरी अंधश्रद्धा आमच्या घरात कशावर होती म्हणाल तर रेमडेसिव्हिरवर. सहा कुप्या लागतात, पहिल्या दिवशी दोन आणि मग रोज एक. माझी बोरमाळ गहाण पडली. नवरा संचारबंदीत रात्री-अपरात्री फोन करत, कुणाकुणाच्या पाया पडत हिंडला. चार मिळाल्या. उरलेल्या दोन मिळाल्या नाहीत त्या रात्री तो फोनवर रडला, आई गेलीच असं धरून. मे महिन्यात घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हाला जे सांगितलं ते ऐकून तो कट्ट्यावर बसला. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच म्हटलं होतं की या औषधाने जीव वाचतो याचा पुरावा नाही. ज्याचा पुरावा होता ते डेक्सामेथासोन, अगदी स्वस्त स्टेरॉइड. 2020 च्या जूनमध्येच ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं, ऑक्सिजनवरच्या रुग्णांमध्ये मृत्यू पाचव्या हिश्श्याने कमी होतात. ते आत्यांना पहिल्या दिवसापासून चालू होतं. त्याच्यासाठी कुणी पाया पडलं नाही, कुणी दागिना मोडला नाही. त्याचं नावही आम्हाला बिलात वाचून कळलं.

आत्या आल्या तेव्हा अकरा किलोंनी हलक्या झाल्या होत्या. दोन पायऱ्या चढायला धाप. महिनाभर केस गळत होते. पण बोलायला लागल्या तशी येणाऱ्याजाणाऱ्याला एकच गोष्ट, देवीने वाचवलं. देवीने सुनेच्या तोंडून दंडवत मागितला, मी दिला, देवी पावली. बायका माझ्याकडे बघायच्या. एकीने तर माझ्या पायांना हात लावला. मी आत जाऊन पाण्याचा नळ सोडून उभी राहिले. सांगायचं का? की बाई, ते मी सिस्टरांकडून ऐकलं होतं, सिस्टरांनी डॉक्टरांचंच सांगितलं होतं, आणि देवीचं नाव मी शाळेत पोरांना औषध पाजताना वापरते तसं वापरलं? सांगितलं नाही. तेव्हा धीर झाला नाही, पुढे सोयीचं वाटू लागलं.

मग नवस बाहेर यायला लागले. आत्यांना वाटत होतं, आपल्यासाठी कोण बोलणार? तर मामांनी साडीचोळी कबूल केली होती, पंढरीच्या नव्हे, केडगावच्या देवीला. नणंदेने अकरा सवाष्णी. घोडनदीच्या मावशीने परस्पर पाच नारळांचं तोरण. आणि चपला सांभाळणाऱ्या माझ्या नवऱ्याने टेम्पोत पडल्या पडल्या दोन बोलले होते. एक, पाथर्डीच्या मोहट्याला अनवाणी जाईन. दोन, तंबाखू सोडीन. मोहट्याचा फिटला. दुसरा कधी फिटतो, कधी परत चढतो.

फेडायचे तर देऊळ उघडायला हवं. ते उघडलं 7 ऑक्टोबरला, नेमकं घटस्थापनेला. राज्यभरची देवळं त्या दिवशी उघडली. आम्ही पहाटे निघालो. रस्ता तोच, माणसंही तीच, फक्त मास्क लावलेली. काही घरची बाई नव्हती, काही घरचा बाबा. कुणी कुणाला विचारत नव्हतं. दर्शनाच्या रांगेत हाताला सॅनिटायझर लावून घेताना आत्या म्हणाल्या, "हे तीर्थ नवीन निघालं." गाभाऱ्यापुढे पोचल्यावर मला वाटलं, दंडवत घालतील. त्यांनी फक्त हात जोडले. गुडघा दुखतो म्हणाल्या.

6 नोव्हेंबरला भाऊबीज होती. श्रीगोंद्याहून आत्यांचे भाऊ आले होते. पाट मांडला होता, करंज्या ताटात. अकरा वाजून गेले असतील, कुणाचा तरी फोन आला आणि आम्ही टीव्ही लावला. नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोरोना रुग्णांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली होती. दुपारपर्यंत मृतांचा आकडा अकरावर गेला. सगळे उपचार घेणारे. ते रुग्णालय आमच्या घरापासून किती लांब? रिक्षाने जाण्याइतकं.

मामेसासऱ्यांना ओवाळलं, पण कसंबसं. जेवणं झाली, पाहुणे गेले. दिवसभर शेजारपाजारच्या बायका येऊन हळहळून गेल्या. त्यातली एक आत्यांना म्हणाली, तुमचं नशीब बघा, देवीने तुम्हाला आधीच काढलं. आत्यांनी चहा घेणार का विचारलं.

रात्री मी भांडी पुसत होते. आत्या मागे येऊन खुर्चीत बसल्या.

"त्या अकरांच्या घरी कुणी नवस बोललं नसंल का गं?"

मी काही बोलले नाही.

"ते दंडवताचं," त्या म्हणाल्या, "डॉक्टरानं सांगितलेलं होतं ना?"

हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. "हो. तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. सिस्टर घड्याळ बघून उठवायची. देवी कुठं घड्याळ लावून दंडवत मागती?"

"मग सगळ्यांना तसं का सांगत होतात?"

त्यांनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला. बाहेर कुणीतरी उरलेला एक फटाका उडवला. मग म्हणाल्या, "देवघरातल्या दिव्यात तेल हाय का बघ."

मी जाऊन पाहिलं. होतं.