मांजरेचा वळसा

नद्यांनाही माणसांसारखे स्वभाव असतात, असे मला नेहमी वाटते. काही कचेरीला निघालेल्या कारकुनासारख्या सरळ वाटेने जातात. काहींना दहा घरी डोकावल्याखेरीज पुढे पाऊल टाकवत नाही. आमची मांजरा या दुसऱ्या जातीची. पाटोद्याजवळ बालाघाटच्या डोंगरात ती जन्मते आणि लातूरच्या शिवारात येते. गोदावरी तिकडे उत्तरेला, नांदेडच्या अंगणातून वाहते आहे. पण बाईसाहेब निघतात आग्नेयेला! बीदर करून तेलंगणात शिरतात, सिंगूर, निजामसागर भरतात, मग एकाएकी उत्तरेकडे तोंड फिरवून कंदकुर्तीला गोदेच्या गळ्यात पडतात. हा सारा प्रवास सुमारे ७२४ किलोमीटरांचा!

माझे आजोळ लातूरचे, घर नांदेडचे. एस. टी.ने हे अंतर तीन-चार तासांचे. मांजरेच्या या वळशाचे मला हसू येई. आजी मात्र म्हणायची, "हसतोस काय रे? सगळ्यायला वाढून मंग बहिणीकडं जाती ती."

या दोन जिल्ह्यांची गंमत अशी, की एकीकडे बेसॉल्टवर पसरलेली तूर-ज्वारीची काळी माती, तर देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइटचे गोलमटोल धोंडे. किनवटला सागाचे रान, उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे. आणि सहस्रकुंडाला पैनगंगा पावसाळ्यात काळ्या कातळावरून अशी कोसळते, की शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये!

पण मराठवाड्याचे हे वैभव पावसाच्या मर्जीवर. २०१५ च्या दिवाळीत मी लातूरला मावशीकडे होतो. अभ्यंगस्नानाला प्रत्येकी एक तांब्या पाणी; तेही परातीत बसून, म्हणजे खाली साचलेले तुळशीला घालता यावे. उटण्याचा वास नेहमीचाच होता, पण मावशी पाहुण्यासमोर ओशाळली होती. ज्या घरात पाहुण्याला आधी पाणी पुसतात, त्या घराला याहून मोठे दुःख कोणते?

पुढे उन्हाळ्यात धनेगावचे धरण कोरडे पडले. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आगगाडीने लातूरला आले. आपापल्या वाटेने ज्या भेटल्या नसत्या, त्या कृष्णा-मांजरेची भेट रुळांवर झाली! गाडी पाहायला जमलेल्या माणसांचे डोळे मात्र कोरडे नव्हते.

दोष एकट्या आभाळाला कसा द्यावा? मांजरेच्या खोऱ्यात आपण तहानलेला ऊस लावला, विंधनविहिरी खोल खोल नेल्या. बेसॉल्टच्या पोटात पाणी भेगाभेगांतून मुरते आणि मुरायला वेळ घेते. उपसायला मात्र एक कळ दाबली की पुरे.

आता मला मांजरेच्या वळशाचे हसू येत नाही. घाईने धावणारे पाणी लौकर समुद्राला मिळते. रेंगाळणारे, बांधाशी थबकणारे, मातीत मुरणारे पाणी गावे जगवते. यंदा बंबातले कढत पाणी अंगावर घेताना, वाचकहो, शेवटचा तांब्या घंगाळात तसाच राहू द्या. तुळस आहेच.