लेकीच्या गावी, गाईंच्या वेळापत्रकावर

३ जानेवारी २०२५, शुक्रवार. गारखेडा

बॅगा भरणं चालू आहे. म्हणजे ही भरतेय आणि मी नियम वाचून दाखवतोय. न्यूझीलंडला जाताना खाण्याचा जो जिन्नस नेऊ तो अर्जात जाहीर करायचा. न सांगितलेला सापडला तर ४०० डॉलर दंड. मध तर नकोच. हिने मेतकुटाच्या, शेंगदाण्याच्या चटणीच्या पुड्यांवर नावं लिहून चिकटवली. माझ्या वाट्याला बूट आले. तळव्याला माती चालत नाही. विभागीय क्रीडा संकुलात रोज सकाळी फिरायला जे घालतो, ते दाताच्या जुन्या ब्रशने खाचा-खाचांतून घासले. उद्या रात्री देवगिरी एक्सप्रेस, मग मुंबई, सिंगापूर, ऑकलंड.

७ जानेवारी, मंगळवार. टे अरोहा, वायकाटो

ऑकलंडहून गाडीने दोन तासही लागले नाहीत. गाव डोंगराच्या पायथ्याशी, डोंगर ९५२ मीटर. लेकीचं घर गावाबाहेर, जावई ज्या डेअरी फार्मवर हर्ड मॅनेजर आहेत त्याच्याच आवारात. लेक गावातल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात नर्स.

हातपाय धुवायला गेलो तोच लेक म्हणाली, “बाबा, पाणी जपून हं.” गारखेड्याचा माणूस, मी नळ बंद करून उभाच राहिलो. इथे नळयोजना नाही. छपरावरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून टाकीत, टाकीतून पंपाने घरात. टाकी २५,००० लिटरची आणि ख्रिसमसपासून पाऊस नाही. पाटबंधारे खात्यात जन्म गेलेल्या माणसाला याहून चांगलं स्वागत कोणतं? छप्पर अंदाजे २०० चौरस मीटर. १० मिलिमीटर पाऊस पडला तर २,००० लिटर जमा. टाकीतली पातळी बघायला काचही नाही. खालून वर टिचक्या मारत जायचं, बद्द आवाज संपून पोकळ आवाज सुरू झाला की तिथे पाणी. रोज पातळी मोजून कॅलेंडरवर लिहायचं काम मी मागून घेतलं.

१० जानेवारी, शुक्रवार

पहाटे साडेचारला जावयांबरोबर दूध काढायला. गमबूट त्यांचेच, एक नंबर मोठे. साडेतीनशे गाई, माणसं दोन. गोठा नाहीच, गाई बारा महिने उघड्या कुरणात, फक्त दोन वेळा दूध काढायच्या शेडमध्ये येतात. दोन्ही बाजूंना तिरक्या उभ्या राहतात, मध्ये खोल चर, चरात उभं राहिलं की आचळं हाताच्या उंचीला. वाकणं नाही. देवणी आणि लाल कंधारी बघितलेल्या डोळ्यांना या फ्रीजियन-जर्सी गाई जरा अनोळखी वाटल्या, पण कास बघून बोलती बंद झाली.

हिने परतल्या परतल्या विचारलं, “चीक मिळेल का हो? खरवस करते.” जावई म्हणाले, “मामी, त्यासाठी जुलै-ऑगस्टात यावं लागेल. सगळ्या गाई तेव्हाच वितात.” वसंतात गवत झपाट्याने वाढतं, म्हणून वेतही त्याला धरून. कळपाचं सगळं वेळापत्रक गवताने ठरवलेलं.

दूध न्यायला फॉन्टेराचा टँकर येतो. ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था २००१ सालची. पैसे लिटरवर नाहीत, दुधातल्या स्निग्धांश आणि प्रथिनांच्या किलोवर. आपल्याकडे फॅट लावतात तेव्हा डेअरीवर होणारी भांडणं आठवली. इथे दुधात पाणी घालून कुणाला काहीच मिळणार नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तीळ हॅमिल्टनच्या भारतीय दुकानातून लेकीने आधीच आणून ठेवले होते. हिने भर उन्हाळ्यात वड्या थापल्या. उत्तरायण सुरू झालं म्हणजे दिवस मोठा होत जाणार, असं लहानपणापासून ऐकलं. इथे आजपासूनच काय, गेले तीन आठवडे दिवस लहान होतोय. दुपारी अंगणात उभा राहून सावली बघितली, ती दक्षिणेला. सूर्य उत्तरेकडून जातो. नातीने खडूने माझ्या सावलीभोवती रेघ काढली आणि तासाभराने पुन्हा उभं केलं. शाळेला सुट्टी आहे, आता हा रोजचा खेळ.

संध्याकाळी फार्मच्या मालकांना तिळगूळ. त्यांनी खिशातला चाकू काढून वडीचे तुकडे केले, सगळ्यांना वाटले, आणि हिच्याकडे कृती मागितली.

१८ जानेवारी, शनिवार

आवडत्या कामांत आज एकाची भर: रस्त्याकडेचे खोके. कुणाच्या फाटकाबाहेर लाकडी फडताळ, त्यात अंडी, प्लम, मक्याची कणसं, शेजारी पैशांचा डबा. विकणारा कुठे नाही. एका फाटकाशी घोड्याच्या लिदीच्या गोण्या रचलेल्या, त्यालाही भाव लावलेला. नातीला आणि मला घेऊन जावई मुद्दाम आडवाटेने गेले. प्रत्येक डब्यापाशी थांबायचं, सुटी नाणी मोजायची, नातीने डब्यात टाकायची. कणसं चुलीअभावी गॅसवर भाजली, लिंबू-तिखट लावलं. इथली मका गोड, दाणा कोवळा. भाजायला आपलं निबर कणीसच बरं, असं ही म्हणाली आणि दोन खाल्ली.

शेजारच्या मटामाटाजवळ हॉबिटन म्हणून सिनेमासाठी उभारलेलं गाव आहे, लोक लांबून लांबून येतात. लेकीने दोनदा विचारलं. म्हटलं, बघू.

२२ जानेवारी, बुधवार

टाकीच्या नोंदी बघून जावयांनी मला बढती दिली. हातात काठी, खाली गोल तबकडी: रायझिंग प्लेट मीटर. कुरणात चालत पावलापावलाला काठी टेकायची, तबकडी गवतावर बसते, गवत किती उंच-दाट ते काटा मोजतो. त्यावरून हेक्टरी किती किलो कोरडा चारा उभा आहे ते कळतं. ३,००० किलोच्या आसपास गेलं की गाई सोडायच्या, १,५०० उरलं की काढायच्या, म्हणजे मुळाशी पान राहतं आणि पुन्हा फुटतं. धरणावर गेज वाचणं आणि हे, यात मला फरक दिसेना. साठा किती, आवक किती, उपसा किती. फक्त इथे साठा हिरवा आहे, आणि या दिवसांत पिवळा पडत चाललाय.

नंतर तारेचं रीळ गुंडाळत विजेचं कुंपण पुढच्या तुकड्यावर सरकवलं. गाई आधीच तारेशी येऊन उभ्या होत्या.

२७ जानेवारी, सोमवार

ऑकलंड प्रांताचा वर्धापनदिन, लेकीला सुट्टी. सकाळचं दूध झाल्यावर पुटारुरूजवळचा ब्लू स्प्रिंग बघायला गेलो. वायहो नदीकाठची पायवाट, आणि पाणी इतकं नितळ की तळातलं शेवाळ मोजावं. पाण्यात उतरायला बंदी आहे, ती योग्यच. मामाकूच्या पठारावर पडलेला पाऊस खडकातून झिरपत इथवर यायला शंभर वर्षांपर्यंत लागतात. बारा महिने तापमान ११ अंश. प्रवाह मिनिटाला ४२ घनमीटर.

गाडीत बसल्यावर नातीच्या चित्रकलेच्या वहीत हिशेब केला. पंचवीस क्युसेकला थोडं कमी. दिवसाला सहा कोटी लिटर. वर्षाला साधारण २२ दशलक्ष घनमीटर. आपल्या जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष. हा एक झरा अखंड वाहत राहिला तर जायकवाडीचा नाथसागर भरायला त्याला जवळजवळ शंभर वर्षं लागतील. गोदावरीला पूर आला की तेच काम एका पावसाळ्यात होतं, आणि पुढे दोन वर्षं पाऊस दगा देतो. पाणी किती, यापेक्षा ते कोणत्या गतीने येतं यावर गावं बसतात-उठतात. हे खात्यात असताना अहवालांत लिहिलं होतं; आज काठावर उभं राहून पाहिलं.

२९ जानेवारी, बुधवार

मौनी अमावास्या. रात्री साडेदहाला सगळे दिवे मालवून अंगणात खुर्च्या टाकल्या. उत्तरेला मृग, पण उलटा. आपल्याकडे त्याच्या खाली असणारा व्याध इथे वर चढून बसलेला. अगस्ती घरून पाहिला तर दक्षिणेला क्षितिजापासून थोडाच वर येतो, इथे जवळजवळ डोक्यावर. नातीला मृगाचा बाण दाखवला. ती म्हणाली, “आजोबा, तुमच्याकडे तो सरळ असतो? मग तुमचं चुकतंय.” ही हसली, मी वाद घातला नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वाइटांगी दिन. १८४० साली याच तारखेला माओरी प्रमुख आणि इंग्रजी सत्ता यांच्यात करार झाला. देशभर सुट्टी, गाईंना नाही.

दुपारी गावातल्या डोमेन बागेत. इथल्या गरम सोड्याच्या पाण्याचा फवारा साधारण चाळीस मिनिटांनी उसळतो. त्याला मोकेना हौ यांचं नाव आहे. झऱ्यांची जागा देऊन टाकणारे माओरी प्रमुख ते. हिने गुडघ्यांसाठी लाकडी टबात अर्धा तास काढला आणि संध्याकाळी जिना न कुरकुरता चढली. मी जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या सायकलवाटेवरून नातीच्या मागे चालत राहिलो. रूळ उखडलेले, वाट सपाट, दोन्ही बाजूंना कुरणं.

घरी आलो तर दारात पाण्याचा टँकर. टाकी तळाला गेली होती, माझ्या नोंदीवरून जावयांनी आधीच मागवलेला. ही म्हणाली, “इतक्या लांब आलो, तरी टँकर काही सुटला नाही.”

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल गारखेड्याहून खात्यातल्या जुन्या सहकाऱ्यांचा फोन. त्यांचा मुलगा कॅनडातल्या एका शेतीच्या भागात आहे, हे दोघं मे महिन्यात निघताहेत. “तिथे बघायला काहीच नाही म्हणतात. दिवसभर करायचं काय?” आज त्यांना लिहून पाठवलं:

घरातलं पाणी कुठून येतं ते पहिल्या दिवशी विचारा. पहाटे कामावर जाणाऱ्याबरोबर एकदा तरी जा, मधे बोलू नका. फाटकाबाहेर विकायला ठेवलेलं काही दिसलं तर थांबा, सुटे पैसे जवळ ठेवा. रात्री दिवे मालवा. तुमच्याकडे ध्रुव घरच्यापेक्षा बराच वर दिसेल. नातवंडांना चुका काढू द्या. आणि पहिल्याच आठवड्यात एखादं रोजचं काम मागून घ्या, असं की तुम्ही नाही केलं तर कुणाला तरी अडेल. नाहीतर मुलगा-सून दर सुट्टीला तुम्हाला स्थळं दाखवत फिरवतील, आणि सोमवारी चौघंही दमलेले असाल.