थंडर: हरण्याच्या दिवसांतली उमेद
2019 मध्ये पॉल जॉर्जला क्लिपर्स संघाकडे सोपवून ओक्लाहोमा सिटी थंडर या एनबीएतल्या बास्केटबॉल संघाने नवी जुळवाजुळव सुरू केली. बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर आणि ड्राफ्टमधले, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचे, अनेक हक्क मिळाले. त्यातल्याच एका हक्कातून 2022 मध्ये जेलन विल्यम्स आला. 2020 मध्ये मुख्य प्रशिक्षक झालेले मार्क डेग्नॉल्ट तेव्हा जेमतेम 35 वर्षांचे, थंडरच्याच दुय्यम संघात मुरलेले. 2 डिसेंबर 2021 रोजी मेम्फिसने या पोरसवदा संघाला 152–79 असे लोळवले. 73 गुणांचा हा फरक एनबीएतला विक्रम ठरला. त्या हंगामात 82 सामन्यांत विजय 24. आशेला जागा गुणतक्त्यात नव्हतीच. ती होती नवख्यांना चुका करू देण्याच्या डेग्नॉल्टांच्या धीरात, आणि (हे अधिक बोलके) संघाच्या चिवट बचावात. पुढच्या हंगामांत 40, 57, 68 विजय. 2025 मध्ये अजिंक्यपद.