जुन्या कॉम्प्युटरवरची पत्रं

आमच्या घरी विंडोज एक्सपीवर चालणारा, ५१२ एमबी रॅमचा एक कॉम्प्युटर आहे. तो अजून टेबलावर आहे तो त्याच्या मागच्या प्रिंटर पोर्टला लावलेल्या लॉकमुळे. आमचा छोटा दिवाळी अंक ज्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये लागतो, ते या लॉकशिवाय उघडत नाही, आणि हल्लीच्या कॉम्प्युटरला तसलं पोर्ट नसतं. "काकू, हे आता भंगारात द्या," असं दुरुस्तीला येणारा मुलगा दरवेळी सांगतो. काळजीने सांगतो बिचारा. पण अंकाचा सगळा पत्रव्यवहारही याच मशीनमध्ये आहे.

तो इथेच का, तर आम्ही मेल सुरू केली तेव्हा मेलपेटीत दोन-चार एमबीच जागा मिळे. जीमेल २००४ साली एक जीबी घेऊन आलं, तेव्हा ती थापच वाटली होती. त्याआधीची रीत अशी, की फोनची लाइन जोडायची, आउटलुक एक्सप्रेस उघडायचं, आलेली पत्रं उतरवून घ्यायची आणि लाइन तोडायची. पीओपी पद्धतीत पत्र एकदा घरी उतरलं की सर्व्हरवरून पुसलं जाई. म्हणजे लेखकांनी पाठवलेले मजकूर, 'हा परिच्छेद काढू नका' म्हणून आलेली विनवणी, मानधनाबद्दलचा संकोच, चित्रकाराशी झालेले वाद, हे सारं आमच्या हार्ड डिस्कवर होतं आणि दुसरीकडे कुठेही नव्हतं.

एक दिवस मेल येणं थांबलं. पासवर्ड बरोबर, इंटरनेट चालू, तरी सर्व्हर दाद देईना. ज्या सेवेत आमचं खातं आहे, तिच्या मदतकेंद्राने 'आपला प्रोग्राम अद्ययावत करा' एवढं एकच वाक्य धाडलं. कारण मला नंतर कळलं. मेलचा मजकूर वाटेत कुणी वाचू नये म्हणून तो कुलूपबंद करून पाठवतात. आउटलुक एक्सप्रेस हे कुलूप विंडोजकडून उसनं घेतं आणि एक्सपीकडे टीएलएस नावाच्या या कुलपाची फक्त पहिली, जुनी आवृत्ती आहे. एक्सपीची दुरुस्ती तर ८ एप्रिल २०१४ लाच थांबली. मेलसेवांनी जुनी कुलपं नाकारली ते योग्यच केलं, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यांची पत्रं आत आहेत, त्यांना चार महिने आधी साध्या भाषेत कळवायला काय हरकत होती?

थंडरबर्ड हे मेलचं दुसरं सॉफ्टवेअर स्वतःचं कुलूप स्वतःबरोबर आणतं, म्हणून ते एक्सपीवरही चालतं. मात्र ५२ वी आवृत्तीच, त्यापुढची नाही. ती मिळवून बसवली आणि मेल पुन्हा येऊ लागली. पण मशीन असं जड झालं, की एक पत्र उघडेपर्यंत चहा निवावा. नवा प्रोग्राम मागच्या मागे सगळ्या पत्रांची शोधसूची करत होता. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद केली, तेव्हा कुठे टाइप केलेलं अक्षर लगेच उमटायला लागलं.

मग जुनी पत्रं हलवायची होती. आउटलुक एक्सप्रेस प्रत्येक फोल्डरची एक डीबीएक्स फाइल करतं, आणि ती नोटपॅडमध्ये उघडून काही वाचता येत नाही. थंडरबर्डने ती वाचून बहुतेक फोल्डर आपल्यात घेतले. लेखांचा फोल्डर मात्र, सर्वांत मोठा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा, निम्म्यावर थांबला. शेवटी त्या फोल्डरमधली पत्रं गठ्ठ्यागठ्ठ्याने निवडून डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये ओढली. तशी ओढली की प्रत्येक पत्राची वेगळी ईएमएल फाइल होते. ती साधी असते, पाठवणाऱ्याचं नाव, तारीख, विषय कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येतात. पत्रं अशीच ठेवायला हवीत असं माझं ठाम मत झालं आहे.

पत्रं आली, पण त्यांतलं मराठी आलं नाही.

युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा आहे, आणि एक्सपीत मंगल फॉन्टही होता. तरी छपाईच्या जगात पुढे कितीतरी वर्षं जुनेच फॉन्ट चालले, कारण पानं लावायच्या पेजमेकर या प्रोग्रामला युनिकोड कळत नव्हतं. या जुन्या फॉन्टांत कॉम्प्युटरच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचाच असतो. त्या अक्षरांवर देवनागरीचं रूप चढवतो तो फॉन्ट. पत्रात फॉन्टचं नाव नोंदलेलं असेल, तर 'पत्रातले फॉन्ट वापरू द्या' ही सेटिंग चालू करून आणि एन्कोडिंग 'वेस्टर्न' करून मजकूर बराचसा जागेवर येतो. पण साध्या मजकुराच्या पत्रात फॉन्टचं नावच नसतं. तिथे पडद्यावर दिसतो तो रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिखल.

ही पत्रं उलगडण्याची किल्ली कुठल्याच प्रोग्रामात नाही. साताऱ्याचे आमचे कथालेखक शिवाजी फॉन्टमध्ये लिहीत, मुंबईच्या अनुवादिका श्रीलिपीत, आणि एक कवी ज्या सायबर कॅफेत जात तिथे जो फॉन्ट असेल त्यात. हे मला ठाऊक आहे, कारण दर वर्षी त्यांचे मजकूर मीच हाताळत होते. पाठवणारा कोण आणि साल कोणतं, एवढ्यावरून मी फॉन्टचा अंदाज बांधते. कवी आता हयात नाहीत, त्यामुळे त्यांना विचारायची सोयही उरलेली नाही.

फॉन्ट कळला की मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये काढायचा. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, म्हणून कन्व्हर्टरला त्यांच्या जागा बदलाव्या लागतात, आणि जोडाक्षर आलं की तो हमखास चुकतो. 'कार्तिक'मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. छापून आलेले लेख अंकाशी ताडून घेता येतात. खासगी पत्रांना ताडायला काहीच नाही, ती ओळ न ओळ वाचावी लागतात.

२००६ पर्यंतची पत्रं झाली आहेत. त्यांच्या प्रती एका पेनड्राइव्हवर माझ्याकडे आणि एकावर सहसंपादकांकडे आहेत. सध्या कवींचा फोल्डर उघडला आहे. त्यातल्या काही पत्रांचा फॉन्ट मला अजून ओळखता आलेला नाही.