चाकावरची चूल

माणसाचा स्वभाव त्याच्या हस्ताक्षरावरून ओळखता येतो असं म्हणतात. मला तो प्रवासातल्या शिदोरीवरून ओळखता येतो. कोणी गाडी सुटायच्या आत डबा उघडून बसतो. कोणी दशम्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन नाशिकपर्यंत जातो आणि तसंच्या तसं परत आणतो. कोणी शेजाऱ्याच्या डब्याचं इतकं कौतुक करतो, की शेजाऱ्याला भीडच पडावी! पण ही सारी मंडळी दोन दिवसांनी घरच्या पाटावर येऊन बसणारी. ज्याचा संसारच रस्त्यावर मांडलेला आहे त्याला शिदोरी पुरत नाही. त्याला चूलच बरोबर न्यावी लागते.

हा विचार मला सुचला त्याचं श्रेय आमच्या शेटना. भिवंडीत एका मालवाहतुकीच्या कचेरीत मी हिशेब लिहितो. शेटच्या अकरा गाड्या आहेत. दर दिवाळीला ड्रायव्हर-क्लीनर मंडळींना मिठाईचा एकेक पुडा मिळे. यंदा शेट म्हणाले, "भाऊसाहेब, मिठाई दोन दिवसांत संपते. शिवाय निम्म्या ड्रायव्हरांना साखरेचा आजार. यंदा त्यांना गाडीत स्वयंपाक करता येईल असं काहीतरी देऊ. काय द्यायचं ते तुम्ही बघा." एवढं बोलून शेट फोनकडे वळले आणि अकरा संसारांच्या चुली माझ्या गळ्यात पडल्या.

भिवंडी म्हटलं की बाहेरच्या माणसाला यंत्रमागांची खटखट आठवते. ती आहेच. पण गावाबाहेर पडून काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली या बाजूला गेलात, तर मैलच्या मैल गोदामं दिसतील. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल साठवायला ही जागा सोयीची, म्हणून ती उभी राहू लागली. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि जकात गेली; गोदामं मात्र वाढतच राहिली. तुमच्या घरी खोक्यातून आलेला मिक्सर, साडी, मुलांचं खेळणं यांतलं काहीतरी या गोदामांतून गेलेलं असण्याचा बराच संभव आहे. आणि प्रत्येक गोदामाच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग असते. माल उतरायला कधी चार तास लागतात, कधी चौदा. पुढे शहरात गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना मज्जाव. भरली गाडी सोडून ड्रायव्हरला जेवायला लांब जाता येत नाही. मग गाडीच्या सावलीत स्टोव्ह पेटतो, परातीत पीठ पडतं, क्लीनर कांदा चिरायला बसतो. एका गाडीखाली पिठलं, दुसरीखाली राजमा, तिसरीखाली वांग्याचं भरीत. आपला देश केवढा आहे हे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा त्या रांगेतून फिरताना अधिक समजतं.

तुम्ही म्हणाल, ढाबे काय ओस पडले? ढाबे आहेत, आणि त्यांच्या दालीला मी नावं ठेवणार नाही. पण महिन्याचे पंचवीस दिवस दोन्ही वेळा तेलाचा तवंग खाऊन पाहा! खिशाला भोक पडतं ते वेगळंच.

मी घरी विषय काढला. सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्हाला चहासुद्धा उतू न घालवता करता येत नाही आणि तुम्ही चुली निवडणार?" हा अभिप्राय मी नोंदवून घेतला आणि अभ्यासाला लागलो.

अभ्यास करता करता कळलं, की फिरत्या माणसाची चूल हा थोरामोठ्यांना पडलेला प्रश्न आहे. १८९२ साली स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट नावाच्या गृहस्थानं हवा भरून पेटणारा रॉकेलचा स्टोव्ह केला. तोच प्रायमस. १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या अमुंडसेनच्या सामानात तो होता, आणि पुढे आपल्या आईआज्यांच्या ओट्यावरही भरभरत राहिला. पिन मारताना भडका उडून कितीजणींचे पदर पेटले, हेही विसरता येत नाही. इकडे बंगालमध्ये डॉ. इंदुमाधव मल्लिकांनी १९१०च्या सुमारास इकमिक कुकर काढला. तळाशी कोळशाची शेगडी, वर एकावर एक डबे. भात, डाळ, भाजी सारं वाफेवर. प्रवासी माणसाची आणि बिऱ्हाडकरूची त्यानं फार सोय केली. १९५९ साली हॉकिन्सचा प्रेशर कुकर आला आणि शिट्टी हा स्वयंपाकघरातला नवा आवाज झाला. बंद कुकरात पाणी शंभर अंशांवर न उकळता सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत तापतं, म्हणून डाळ लवकर शिजते आणि इंधन वाचतं. १९६१ साली झालेल्या मोटार वाहतूक कामगारांच्या कायद्यानं पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. या अर्ध्या तासात डाळभात करून खायचा असेल, तर कुकराला पर्याय नाही. तेव्हा लहान कुकर हा माझ्या यादीत पहिला गेला.

आता प्रश्न उरला खालच्या विस्तवाचा.

दुकानदारानं प्रथम विजेच्या वस्तू दाखवल्या. "साहेब, लायटरच्या भोकात पिन घाला आणि भात लावा." दिसायला मोठा नामी प्रकार! पण मी पडलो हिशेबनीस. आमच्या गाड्यांत २४ व्होल्टची बॅटरी. लायटरच्या भोकातून दहा अँपिअर घेतले तर मिळतात २४० वॉट. एक लिटर पाणी पंचवीस अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ८७ वॉट-तास लागतात. म्हणजे नुसतं आधण यायला बावीस मिनिटं, आणि बाहेर जाणारी उष्णता धरली तर अर्धा तास. विश्रांती संपली, तांदूळ अजून पिशवीत! बरं, घरची १२०० वॉटची इंडक्शन शेगडी इन्व्हर्टर लावून चालवावी, तर बॅटरीतून पन्नास अँपिअरच्या वर ओढले जाणार. बंद इंजिनावर अर्धा तास असा स्वयंपाक दोन वेळा केला आणि बॅटरी जुनी असली, तर जेवून तृप्त झालेल्या ड्रायव्हरची गाडी सुरूच व्हायची नाही. शिवाय शेगडीवर काच. कसारा घाटाच्या आधीच तिचा निकाल लागायचा.

रॉकेलचा स्टोव्ह मजबूत खरा. पण रॉकेल आता सहज मिळत नाही, आणि जिथे मिळेल तिथे त्याचा वास पिठालाही लागतो. कोळशाची शेगडी मी ताबडतोब बाद केली. थंडीच्या रात्री केबिनमध्ये शेगडी घेऊन झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. आणि १ ऑक्टोबर २०२५पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. चांगलंच झालं. पण केबिन थंड म्हणजे काचा बंद. अशा केबिनमध्ये कसलीही ज्योत पेटवणं म्हणजे जिवाशी खेळ.

उरला गॅस. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत नेणं शक्य नाही. पण तेल कंपन्यांनी ५ किलोचा सिलिंडर काढला आहे. २०२० साली इंडियन ऑइलनं त्याचं 'छोटू' असं लाडकं नावही ठेवलं. पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. ज्याचा पत्ता म्हणजे गाडीचा नंबर, त्याला ही केवढी सोय! लहान बर्नर तासाला सव्वाशे ग्रॅम गॅस खातो असं धरलं, तर एक सिलिंडर चाळीस तास जळेल. रोज तासभर म्हटलं तरी महिना निघाला. बाजारात याहून स्वस्त, वरच बर्नर बसवलेले बिनशिक्क्याचे सिलिंडरही मिळतात. ते मोठ्या सिलिंडरातून चोरून भरतात. तसल्या वस्तूकडे मी पाहिलंही नाही.

इतकं झाल्यावर मी आमच्या एका जुन्या ड्रायव्हरला बोलावलं. नगर जिल्ह्यातला माणूस, बत्तीस वर्षं गाडीवर. सगळे त्याला मामा म्हणतात. मी त्याच्यापुढे वॉट, अँपिअर, किलो असा सगळा हिशेब मांडला. मामानं तो शांतपणे ऐकला आणि एकच प्रश्न विचारला, "भाऊसाहेब, यावर भाकरी फुगंल का?"

मी गप्प बसलो. मामा सांगू लागला, "डॉक्टरनं गहू कमी करायला सांगितलाय. साखर वाढली की डोळ्यापुढं अंधारी येते. डोळे गेले तर लायसन गेलं, लायसन गेलं तर धाकटीचं शिक्षण गेलं. घरची ज्वारीचं पीठ बांधून देते. पण ढाब्यावर भाकरी मिळत नाही आणि मिळाली तर वाळली लाकडावानी असते. मला तव्यावरून उतरून जाळावर धरता येईल अशी शेगडी बघा. बाकी तुमचं काय असंल ते असू द्या."

एका माणसाची नजर, एका मुलीचं कॉलेज आणि एक भाकरी यांची साखळी माझ्या कोष्टकात कुठेच नव्हती. संध्याकाळी घरी हे सांगितलं तेव्हा सौभाग्यवतींनी चेष्टा केली नाही. त्या म्हणाल्या, "ज्वारीचं पीठ आठ दिवसांच्या वर ठेवायचं नाही म्हणावं. विरी जाते, मग थापताना चिरते. तसं झालंच तर उकळत्या पाण्यात मळायचं. आणि परात विसरू नका. कुकर, शेगडी सगळं द्याल आणि थापणार कशात?"

यादी अशी ठरली: पाच किलोचा सिलिंडर, वाऱ्यात न विझणारी, कडेला पत्र्याचा आडोसा असलेली एका बर्नरची लोखंडी शेगडी, आयएसआय शिक्क्याची नळी, दीड लिटरचा कुकर, तवा आणि परात. सिलिंडर ठेवायला केबिनच्या बाहेर, चेसिसला जाळीची पेटी. हा गॅस हवेहून जड, गळला तर तळाशी साचतो. म्हणून पेटीला खालून भोकं हवीत. केबिनमध्ये पेटवायचं नाही. कापडाचे तागे किंवा सूत भरलेलं असेल तर गाडीपासून दूर पेटवायचं.

इथेच घोडं अडलं. भिवंडीतला आमचा माल बहुतेक कापड आणि सूत. गोदामांच्या आवारात तर काडी ओढायलाही बंदी, आणि ती योग्यच आहे. मग आमच्याच आवारात गाडी चौदा तास उभी असेल, तेव्हा माणसानं करायचं काय? मी शेटना म्हटलं, "आवाराच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ, एक ओटा बांधा. वर पत्रा, एक नळ, विजेची दोन बटणं. तिथे विजेची शेगडी चालेल. तिथे बॅटरीची काळजी नाही."

शेट म्हणाले, "दिवाळीची भेट सांगितली होती, तुम्ही बांधकाम काढलंत!" दोन दिवस ते माझ्याशी मोजकंच बोलले. मी त्यांना सांगितलं, की तेल कंपन्यांनी महामार्गांवरच्या पंपांजवळ ड्रायव्हरांसाठी 'अपना घर' नावाची विश्रांतिगृहं काढली आहेत, त्यांत झोपायला खाटा आहेत आणि स्वतः रांधून खायला जागाही आहे. "सरकारी कंपन्यांना जे सुचतं ते आपल्याला सुचू नये?" तिसऱ्या दिवशी गवंडी आला. मात्र नळाच्या खर्चाला शेटनी कात्री लावली, तेव्हा पाणी तूर्त टाकीवरून बादलीनं आणावं लागतं.

वसुबारसेला भेटी वाटल्या. मामानं परात हातात घेऊन बोटानं वाजवून पाहिली, जशी बायका बाजारात मडकं वाजवून पाहतात. उत्तर प्रदेशातल्या एका तरुण ड्रायव्हरनं तवा परत दिला आणि त्याऐवजी कढई मागितली. ती बदलून दिली. त्या रात्री नव्या ओट्यावर पहिला स्वयंपाक झाला. विजेच्या शेगडीवर डाळ आणि बाहेर मोकळ्या फरसबंदीवर, मालापासून लांब, मामाची गॅसची शेगडी. पहिली भाकरी जाळावर धरताच टम्म फुगली. मामानं ती मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. वर लसणीची चटणी. चकलीकडलीवरून जीभ फिरवून आलेल्या मला त्या अर्धकोराला जी चव लागली ती काय सांगू!

वाचकहो, फराळाचं ताट शेजारी ठेवून तुम्ही हे वाचत असाल. या अंकाचे गठ्ठेही कुठल्यातरी गाडीतूनच तुमच्या गावी आले असतील. उद्या तुमच्या गल्लीच्या तोंडाशी एखादा ट्रक माल उतरायची वाट पाहत थांबला आणि ड्रायव्हरनं रिकामा कॅन पुढे केला, तर तो भरून द्या. भाकरीचं पीठ त्याच्याजवळ असतं. पाणीच तेवढं मागावं लागतं.