आधी शेवटची ओळ वाचा!

मुलांनो, प्रोग्रॅम मध्येच कोसळला, की बरीच मुलं घाबरून सगळं पुसूनच टाकतात. असं करू नका हं!

माझ्या सातवीतल्या भाचीने पायथॉनमध्ये ५×४×३×२×१ असा गुणाकार करणारं फंक्शन लिहिलं. ते स्वतःलाच पुन्हापुन्हा बोलावत होतं. चालवलं मात्र, लाल अक्षरांची रांगच लागली! "मावशी, मला नाहीच जमणार," ती रडवेली झाली.

मी म्हटलं, "आधी शेवटची ओळ वाच." तिथे दोषाचं नावच होतं : रिकर्शन एरर. म्हणजे काय? प्रत्येक बोलावण्याची नोंद मेमरीत राहते, ताटलीवर ताटली चढावी तशी. चळत साधारण १००० वर गेली, की पायथॉन स्वतःच काम थांबवतं. नाहीतर त्यासाठीची मेमरीच संपायची!

मग फंक्शनमध्ये प्रिंट घालून आकडे पाहिले. ५, ४, ३, २, १, ०, वजा १, वजा २...

"अगं मावशी, एकावर थांब, हे त्याला सांगितलंच नाही!" ती ओरडली. तेवढी अट घातली आणि उत्तर आलं : १२०.

तेव्हा दोस्तांनो, संदेश वाचा, आकडे छापून पाहा, एका वेळी एकच बदल करा. आणि लिहिलेलं पुसू नका. दोष त्यातच तर सापडायचा असतो!