मॉड केलं की मोडीत निघालं?

वीकेण्डला कोल्हापूर म्हटलं की आपला कार्यक्रम ठरलेला. अंबाबाईचं दर्शन, तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळा आणि निघताना चपलांची खरेदी. या यादीत हुपरी कधीच नसते. खरं तर कोल्हापूरपासून जेमतेम पाऊण तासावर, हातकणंगले तालुक्यातलं हे गाव. इथल्या चांदीच्या कामामुळे लोक त्याला ‘रौप्यनगरी’ म्हणतात. तुमच्या ऑफिसात जिच्या पैंजणांचा आवाज सगळ्यांना ओळखीचा झालाय, तिचे पैंजण इथलेच असण्याची शक्यता बरीच आहे!

आमचं हुपरीला जाणं मात्र झालं ते एका गाडीच्या निमित्ताने. माझ्या मित्राकडे वडिलांची कॉण्टेसा आहे. नव्वदच्या दशकातली, इसुझुचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन असलेली. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ ते २००२ या काळात ही गाडी काढली. मूळ आराखडा ब्रिटिश व्हॉक्सहॉल कंपनीचा. लांबलचक नाक, रुंद अंग, ऐटदार चाल. मस्टँग फक्त पिक्चरमध्ये दिसायची त्या काळात आपल्या गल्लीतली स्पोर्ट्स कार म्हणजे हीच.

मित्राचा प्लॅन एकदम पक्का होता. कोल्हापुरातल्या एका गॅरेजमध्ये टप कापून सनरूफ बसवायचं, फेंडर रुंद करायचे, डिझेल इंजिन टाकायचं आणि वर्षभराने ‘फुल्ली मॉडिफाइड’ म्हणून विकायची. त्या पैशांत फ्लॅटचं डाउन पेमेण्ट. ऐकायला भन्नाट! फक्त गॅरेजला जाण्याआधी आईने सोपवलेलं एक काम उरकायचं होतं. जुने पैंजण मोड म्हणून द्यायचे आणि नवीन आणायचे.

हुपरीत चांदीचं काम घरोघरी चालतं. एका घरात चांदी आटवतात, दुसरीकडे तार ओढतात, तिसरीकडे कड्या जुळवतात. झाळकाम, घुंगरं, पॉलिश अशी एकाच पैंजणाची वारी अनेक हातांतून होते. आम्ही टेकलो ते अशाच एका कारखान्यात. कारखाना म्हणजे काय, तर घराची पुढची खोली. तिथल्या काकांनी पैंजण हातात घेतले, उलटेपालटे केले आणि हिशोब मांडायला सुरुवात केली. रंगीत मीना म्हणजे काच, तिचं वजन वजा. जिथे जिथे झाळ दिलीय तिथे तांबं-जस्त मिसळलेलं, म्हणून टंच कमी. आटवताना घट येणार, तीही वजा.

“आणि मजुरी? मध्ये एकदा आईने नक्षी वाढवून घेतली होती,” मित्र म्हणाला.

काका हसले. “मजुरी घालणाऱ्याची. बाजार चांदी तेवढी मोजतो, पाव्हणं.”

मित्र एकदम गप्प झाला. मला कळलं, तो पैंजणांचा विचार करत नव्हता. सराफाच्या दुकानात ‘मोड’, गॅरेजमध्ये ‘मॉड’. फरक काय तो एका चंद्राचा!

जुन्या गाडीचं गणित खरं तर पैंजणापेक्षाही कडक आहे. पैंजण आटवला तरी चांदी उरते. कापलेला टप परत जोडला तरी तो मूळचा राहत नाही. क्लासिक गाडी घेणारा माणूस आधी चासीस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतात का ते बघतो. मग मूळ डॅशबोर्ड, मूळ काचा, मूळ रंग. तुम्ही हौसेने घातलेले दोन लाख त्याच्या लेखी खर्च असतात, कारण गाडी पूर्ववत करण्याचा हिशोब तो मनातल्या मनात मांडत असतो.

कायदाही हौसेच्या बाजूने नाही. कंपनीने दिलेली मूळ रचना बदलता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये दिला. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी हवी, आरसीवर नोंद हवी. २०२१मध्ये व्हिण्टेज गाड्यांसाठी नियम आले, तेही हेच सांगतात. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि चासीस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. म्हणजे पहिल्या कॉण्टेसा २०३४मध्ये या रांगेत उभ्या राहतील. टप कापलेल्या गाड्यांना मात्र तिथे अडचण होणार.

गंमत म्हणजे याच हुपरी परिसरात मोहिते रेसिंगचा कार्टिंग ट्रॅक आहे. राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या इथे झाल्यात. कार्टिंगमधल्या रोटॅक्स मॅक्स प्रकारात इंजिनला चक्क सील असतं. सील तुटलं की ते इंजिन स्पर्धेतून बाद. वेगाच्या खेळातसुद्धा ‘हात लावू नका’ हाच नियम!

मग मॉडिफिकेशनला भाव कधीच नाही का? आहे, पण त्यामागे नाव लागतं. अमेरिकेत कॅरल शेल्बीच्या हाताखालून गेलेली मस्टँग साध्या मस्टँगपेक्षा कितीतरी महाग विकली जाते. कॅलिफोर्नियातली सिंगर कंपनी जुनी पोर्शे ९११ नव्याने घडवते आणि तिची किंमत मूळ गाडीच्या कित्येक पट होते. तिथे काम करणाऱ्याचं नाव हाच हॉलमार्क. आपल्या कोपऱ्यावरच्या गॅरेजचा शिक्का अजून त्या तोलाचा झालेला नाही, त्याला इलाज नाही.

गॅरेजमध्ये पोहोचल्यावर मित्राने यादी खिशातून काढली आणि सनरूफ, फेंडर, डिझेल इंजिन या तिन्हींवर काट मारली. उरलं ते बिनग्लॅमरचं काम. गंज काढणं, वायरिंग, ब्रेक, कूलिंग. अलॉय व्हील्सचा मोह त्याला सुटला नाही, पण जुनी चाकं गोणीत बांधून डिकीत आली. डाउन पेमेण्टचं काय, हा प्रश्न अजून तसाच आहे. पण आता विकायला निघाला तर त्याच्याकडे निदान कॉण्टेसाच असेल, कॉण्टेसाच्या सांगाड्यावरचं दुसरंच काहीतरी नसेल.

तुम्हीही जुनी गाडी सजवणार असाल तर

बोल्ट काढून पूर्ववत होईल तेवढंच करा. काढलेला प्रत्येक पार्ट जपून ठेवा. बिलं फाइलला लावा. कापणं आणि वेल्डिंग करण्याआधी दोनदा झोप काढा. आणि जे कराल ते स्वतःच्या आनंदासाठी करा. त्या आनंदाची मजुरी पुढचा गिऱ्हाईक देत नसतो.

हुपरीला जाणार असाल तर

कोल्हापूरहून बस मिळते, स्वतःची गाडी असेल तर उत्तमच. चांदी घेताना टंच विचारा आणि पक्कं बिल घ्या. सप्टेंबर २०२५पासून चांदीसाठीही एचयूआयडी क्रमांकाचा हॉलमार्क सुरू झालाय, तो मिळत असेल तर आवर्जून मागा. मीनाकाम आवडलं तर खुशाल घ्या. फक्त मोड देताना ते वजा होणार, हे लक्षात असू द्या.